परक्या माशांची बुट्टी

जाळं वर आलं ते चार ठिकाणी फाटूनच. प्रसेनजीतनं ते काठावर पसरलं आणि मोजायला बसला. एकवीस हेलिकॉप्टर. मरळ नाही, वाम नाही. बोटभर शिंगटा तेवढा एक सापडला, तो त्यानं परत पाण्यात सोडला.

"काय घावलं?" वरून आक्कानं विचारलं. आक्का म्हणजे त्याची आई. अख्खी गल्ली आक्का म्हणायची म्हणून तोही तेच म्हणायचा.

"एकवीस की. समदं त्येच."

हेलिकॉप्टर काही या नदीचं लेकरू नव्हे. घरातल्या काचेच्या पेटीतलं शेवाळ चाटायला लोक हा मासा विकत आणतात. तो हातभर वाढला की कंटाळतात, आणि मारायचं पाप नको म्हणून नदीत सोडून पुण्य पदरात पाडून घेतात. त्याचे काटे जाळी फाडतात. दुसऱ्या माशांची अंडी तो फस्त करतो. पाण्याबाहेर काढला तरी तासन् तास मरत नाही, आणि बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही.

कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या इरावतीताई दोन वर्षांपूर्वी कुरुंदवाडच्या या काठावर आल्या आणि त्यांनी उपाय सांगितला. जाळ्यात आलेला एकही हेलिकॉप्टर परत पाण्यात जाऊ द्यायचा नाही. काठावरही टाकायचा नाही, कारण शेजारच्या वाडीला देवदर्शनाला आलेल्या एखाद्या भाविकाला दया येते आणि तो पायानं ढकलतो आत. खोल खड्डा काढून पुरायचा. दोन वर्षं नेटानं केलं तर नदीतले मासे परत येतील.

"पुरायचं माझ्याकडं," आक्का तेव्हाच म्हणाली होती. "तू जाळं शिवत बस."

तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. सत्तरी उलटलेली ती बाई मासे बुट्टीत भरायची, वास नको म्हणून वर ओलं पोतं टाकायची आणि खांद्यावर खोरं घेऊन वळणापलीकडच्या रानात जायची. तासाभरानं परत यायची ती चिखलाचे पाय धुऊन, लुगड्याचा काठ ओला करून. खोऱ्याला तेव्हा घातलेला दांडा अजून नव्यासारखा होता. आक्काच्या हातात वस्तू झिजत नाही, असं प्रसेनजीत कौतुकानं सांगायचा. या वयात आईला असलं काम करावं लागतं याचं त्याला वाईटही वाटायचं.

पण धंदा सोडवत नव्हता. त्याच्या बापानं ऐन जवानीत गावकी सोडली होती. मेलेली ढोरं ओढणार नाही, असं पाटलाच्या तोंडावर सांगितलं आणि जाळं धरलं. त्या जाळ्यानं घराला कुणाच्या दारात उभं राहू दिलं नाही. आता इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत राखणदाराची जागा होती, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हो की नाही ते कळवायचं होतं.

त्या दिवशी इरावतीताई आल्या त्या चिंतेतच.

"दोन वर्षांत दहा हजारांवर काढलेत तुम्ही. एव्हाना कमी व्हायला हवे होते."

"मग येत्यात कुठनं?"

"कोणीतरी सोडतंय. सारखं सोडतंय." त्यांनी पिशवीतून एक बाटली आणि कात्री काढली. "आजपासून प्रत्येकाच्या शेपटीचं टोक कापून यात घाला. तपासलं की कळेल, हे सगळे एकाच घरातले आहेत की निरनिराळे. सोडणारा सापडला तर थांबवता येईल."

"सापडू दे एकदा," प्रसेनजीत कात्री उचलत म्हणाला. "हितं हुबा करून ही फाटकी जाळी दावतो त्येला. माझ्या बाचा धंदा बुडवला म्हणतो."

आक्का बुट्टीशी बसून होती. "त्या मुक्या जिवांनी कुठं म्हटलं हुतं बाई, आमाला हितं आणा म्हणून?"

"त्यांचा दोष नाहीच, आक्का. पण ते राहिले तर बाकीचे राहत नाहीत."

"व्हय," आक्का म्हणाली.

प्रसेनजीतनं एकवीस शेपट्यांची टोकं कापून बाटलीत घातली. आक्कानं बुट्टीवर ओलं पोतं टाकलं, खोरं घेतलं आणि ती वळणाकडे निघाली.

पुढचे चार दिवस असेच गेले. मासे, कात्री, बाटली, बुट्टी.

पौर्णिमेला दोघं विहारात गेली. सगळ्यांबरोबर आक्कानं पंचशील म्हटलं. जीव न घेण्याच्या पहिल्याच शिलाला तिचा आवाज कापला. तिला आपल्या बापाची आठवण झाली असेल, असं प्रसेनजीतला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शेवटचं म्हणून जाळं टाकलं. चार मरळ जरी आल्या तरी गिरणीला नाही म्हणून कळवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. जाळं जड लागलं. दोन्ही हातांनी ओढून त्यानं ते काठावर घेतलं.

एकोणीस हेलिकॉप्टर. दुसरं काही नाही.

खिशातला फोन काढून त्यानं गिरणीतल्या माणसाचा नंबर शोधला, मग आधी हातातलं काम उरकावं म्हणून फोन खाली ठेवला. पहिला मासा उचलून त्यानं शेपटीला कात्री लावली आणि तो थांबला. त्यानं दुसरा उचलला. मग तिसरा. मग भराभर सगळेच उलटेपालटे केले.

आक्का पोतं भिजवून शेजारी येऊन उभी राहिली होती.

"आण हिकडं," ती म्हणाली. "पुरून येतो मी."

एकोणिसातल्या अकरा माशांच्या शेपट्या आधीच कापलेल्या होत्या.