झोपेचा रकाना

"झोप लागते ना यांना घरी?" छावणीतले डॉक्टर कॅप्टन श्यामकांत गुप्ते यांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

मंजुळा टेबलाच्या अलीकडे अवघडून उभी होती. शेजारी तिचा नवरा, शिपाई चंदर धाकू, सावधान. तिला डॉक्टरांकडून एकच गोष्ट हवी होती: नवऱ्याला इतक्यात काश्मीरला परत धाडू नका. पण आधी खोटं कशाला बोला?

"लागते," ती म्हणाली.

डॉक्टर खुलले. जवानांची झोप सुधारा, असा वरून हुकूम आला होता. गुप्त्यांनी झोप उडालेले वीस जवान निवडून दोन महिने घरी पाठवले होते. एकोणीस जण सुधारले असं लिहून झालं होतं. त्यांतले काही खरोखरच सुधारले होते. अहवाल आजच्याच टपालानं दिल्लीला जायचा होता. विसावा रकाना तेवढा कोरा होता.

"किती तास?"

"आठ. राती आठला पडतात, चारला उठतात."

"वा! बाई, आमच्या पार्ल्यात पेन्शनरसुद्धा एवढे झोपत नाहीत. मध्ये दचकून उठतात?"

"तासातासाला. डोळं मिटूनच इचारतात, पहाऱ्यावर कोण हाय? मी म्हणते, मी हाय, मंजुळा. की परत निजतात."

"आणि तुम्ही नाही बोललात तर?"

"एकदा माझा डोळा लागला, तवा काठी घेऊन वेसाव्याच्या वाळूवर धावत सुटले. सगळा कोळीवाडा उठवला. तवापासून मी निजतच नाय, सायेब. दारात बसते. उजाडलं की मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात."

डॉक्टरांनी आता कुठे तिच्याकडे पाहिलं. असे लाल, खोल गेलेले डोळे असलेला मासा मंजुळेनं स्वतः कुणाला विकला नसता.

"म्हणून म्हणते, एवढ्यात धाडू नका यांना. तिथं यांच्यापाशी कोण बसंल?"

"अहो, पलटणीत पहारेकऱ्यांना काय तोटा?" गुप्ते हसले. "रात्रभर बंदूक घेऊन माणूस उभा असतो. सरकारी माणूस. त्याला तुमच्यासारखी डुलकी नाही लागत."

"लागते, सायेब," चंदर म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"काय लागते?"

"डुलकी. एका राती लागली. तंबूत चार जण निजले होते. चारी गेले."

"पहाऱ्यावर कोण होता?"

"मी."

मंजुळेनं नवऱ्याकडे पाहिलं. दोन महिने आपण कुठल्या रात्रीचा पहारा भरून काढत होतो, हे तिला आत्ता कळलं.

गुप्त्यांनी पेन खाली ठेवलं. पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाचं लष्करात काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. विसातला एक गळाला तर अहवालाचं काय होतं, हेही ठाऊक होतं. त्यांनी दोन्हींचा विचार केला. दुसऱ्याचा जरा जास्त. मग पेन उचललं.

"हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि लिहिलं: 'झोप आठ तास. तक्रार नाही. कामावर रुजू होण्यास योग्य.'

"सायेब, ते आठ तास माझे हायेत," मंजुळा म्हणाली.

गुप्त्यांनी खरंच कागद एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. माणूस वाईट नव्हता.

"बायकांचा रकाना नाही यात," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या टेकल्या मंजुळेची मान कलली. भर दुपारी, आल्यागेल्यांच्या वर्दळीत, ती तोंड उघडं टाकून झोपली. चंदर बसला नाही. तो तिच्या उशाशी, तोंड फाटकाकडे करून उभा राहिला.

आतून कारकुनानं हाक मारली, "चंदर धाकू! हुकूम घेऊन जा!" मग दुसरी, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्या हाकेला कारकून स्वतःच कागद फडफडवत बाहेर आला. "बहिरा झालास काय रे? आज संध्याकाळची गाडी आहे तुझी!"

चंदरनं फाटकावरची नजर काढली नाही.

"हळू बोल," तो म्हणाला. "मी पहाऱ्यावर हाय."