एक्स्पोर्ट

खोटं वाटेल, पण निफाडच्या आप्पा गायधनींनी उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. त्यांचे डिंकाचे लाडू मात्र नॉर्वे बघून घरी परतले. डब्यावर शेरा होता, ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही.’

तिथे राहणाऱ्या लेकीला सरळ विचारायला जीभ रेटेना. मग आप्पांनी कॉम्प्युटरचं निमित्त काढून फोन लावला. “मुक्ते, तू माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिलेलं ते लिनक्स नवा प्रोग्राम भलत्याच जागी बसवतंय.”

“आधी जागा सांगायची, आप्पा. त्या काळ्या खिडकीत ‘एक्स्पोर्ट’ लिहा, पुढे मोठ्या डिस्कचा पत्ता.”

“एक्स्पोर्ट? आपल्या द्राक्षांसारखं? माल गेला की गेला?”

“नाही हो. त्या खिडकीतून जे प्रोग्राम सुरू होतात, त्यांना तो पत्ता कळतो. ती खिडकीची मुलं.”

“आणि मुलांनी पत्ता बदलला तर?”

“आईबापाला कळत नाही,” ती सहज बोलून गेली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, “आप्पा, आम्ही घर बदललंय. सांगायचं राहूनच गेलं.”

“बरं झालं आत्ता सांगितलंस.” आप्पांनी परत आलेला डबा हळूच टेबलाखाली सरकवला. “लाडू उद्याच पाठवणार होतो.”