भंवरीबाईंचा ट्रान्झिस्टर

शेलूबाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जगदेवकडं भंवरीबाईंनी भर दुपारी ट्रान्झिस्टर आणला.

“भाऊ, हा लावला की आधी मी कुठं हाय ते हाच सांगते. मले घराबाहेर निंगायचीच भीती वाटते.”

जगदेवनं हसत बटण फिरवलं. आतून शांत आवाज आला, “भंवरीबाई जगदेवच्या दुकानात आहेत.”

त्यानं सेल काढले, तारा तोडल्या.

“भंवरीबाई रडत आहेत.”

ट्रान्झिस्टर तिथंच टाकून त्या आसेगावच्या जीपमध्ये बसल्या. जीप दिसेनाशी झाली.

“जगदेव दुकानात आहे,” आवाज म्हणाला.

जगदेव धावत रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरला. तिथला रेडिओ गाणं थांबवून म्हणाला, “जगदेव दुकानातच आहे.”

घाबरून त्यानं हॉटेलवाल्याला हाक मारली. हॉटेलवाला त्याच्या आरपार दुकानाकडं पाहत ओरडला, “तिथून काय बोंबलून राह्यला जगदेव? इकडं ये ना!”