सत्तावीस किलो

गुडघे वाचवायचे असतील तर वजन उतरवा, असं बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हंसा सत्तेचाळीस वर्षांची होती. दीड वर्ष ती सरावलीच्या रस्त्याने रोज सकाळी चालली. रात्रीचा भात सोडला. सत्तावीस किलो उतरले. चाळीतल्या बायका हळूच विचारायच्या, "काय दुखणं लागलंय गं?" नवरा म्हणाला, "आता या वयात कोणाला दाखवायचंय?" तिला उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता.

दिवाळीनंतर ती मुरब्याला आईकडे गेली. म्हातारीला तीन-चार वर्षांपासून माणसं ओळखू येत नव्हती. हंसा आली की ती सुनेला विचारायची, "ही जाडी बाय कोण गो?"

या वेळी मात्र ओट्यावर बसलेल्या म्हातारीने लांबूनच हाक मारली, "हंसे!"

हंसा तिच्याजवळ जाऊन बसली. आईने तिच्या सैल पडलेल्या दंडावरून हात फिरवला, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि कुजबुजली, "उद्या तुला बगाया येनार हायत. सातपाटीचा पोरगा हाय. बापूस तुजा हो बोललाय. पन तुला नको असंल तर मना आताच सांग. बापसाला मी समजावीन."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच पोराशी लग्न ठरलं, तेव्हा हे तिला कोणीही विचारलं नव्हतं.

हंसा आईच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "मना नको तो, आये."