मागच्या वर्षीचं ‘हो’

“यंदा न्हाय मारलं,” महादेवी म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वर मात्र पाहिलं नाही.

रुबिना चुलीशेजारी बसली होती. लोहाऱ्याहून जीपनं आत यावं लागणारं हे गाव. इथं बायकांच्या बैठका सुरू झाल्या, त्यानं घराघरातली मारहाण कमी झाली का, हा तिच्या संशोधनाचा विषय. आधी एक अंदाज धरायचा आणि मिळेल त्या उत्तरानं तो थोडा इकडं, थोडा तिकडं सरकवायचा, ही तिची रीत. अर्धीमुर्धी उत्तरंही चालत. फक्त ती अर्धी का राहिली, हे कळायला हवं. यंदा बहुतेक बायका ‘न्हाय’ म्हणाल्या होत्या. पुण्यातले तिचे मार्गदर्शक सर खूश होते, बैठकांचा गुण आला म्हणत होते. रुबिनाला धास्ती वाटत होती. सगळ्या जणी ते एकाच सुरात म्हणत.

“मागच्या वर्षी तुम्ही हो म्हणाला होतात,” ती हळूच म्हणाली. “बैठकांनी फरक पडला?”

“बैठकीला म्या जातच न्हाय आता.” महादेवीनं दाराकडं बघून घेतलं. “ताई, तुमी इचारलं, म्या खरं सांगितलं. तुमची जीप वळली अन् ह्यांनी सुरू केलं, काय सांगितलंस म्हणून. शेजारच्या इरम्माचंबी तसंच झालं. मग आमी ठरवलं, ह्या बाईला न्हाय म्हणायचं.”

कशानं काय घडतं, हे शोधत रुबिना गावभर हिंडली होती. त्या कारणांत तिनं स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. महादेवीचा हात तव्यावरच थबकला.

तिचा नवरा सिद्धलिंग आत आला आणि हसून उंबऱ्यावर बसला. “आलाव व्हय ताई? काय इचारत हुता?”

“पाण्याचं. नळाला रोज येतं का, ते.”

“मग इचारा की. म्या हाय इथंच.”

तिनं विचारलं. महादेवीनं उत्तर दिलं. सिद्धलिंग दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी कुणी हललं नाही.

रुबिना उठली, बाहेर पडली. जीपपाशी पोचते तोच, भर दुपारी, मागं महादेवीच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ती परत फिरली. दार वाजवलं तर आत जास्त पेटेल, की न वाजवता निघून गेलं तर, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं दार वाजवलं.

शेजारून इरम्मा आली. पदर खोचून तिच्याजवळ उभी राहिली आणि तिनंही दारावर थाप मारली.

दोघी वाजवत राहिल्या. आतून कुणी ओ देईना.