टीव्हीचं बोलावणं

"टीव्हीवर सगळंच सांगून टाकू नकोस," विल्फचा बो-टाय बांधताना बायको म्हणाली.

"अगं, अख्खं इंग्लंड बघणार आहे!"

"तेच म्हणतेय मी."

गावोगावच्या थिएटरांत तेच मूठभर विनोद सांगून विल्फने अर्धं आयुष्य घर चालवलं होतं. दर आठवड्याला गाव नवं, त्यामुळे ऐकणाऱ्यांना विनोदही नवे. टीव्हीवर ते आठ मिनिटांत संपले. देश पोट धरून हसला.

सोमवारी लीड्सच्या थिएटरात त्याने पहिला विनोद रंगवत नेला आणि शेवटच्या वाक्याआधी नेहमीसारखा थांबला. पहिल्या रांगेतल्या आजीबाईंना दया आली.

"विसरलास होय रे? पुढे बिशप येतो ना!"

मग सगळ्या थिएटरने तो विनोद एका सुरात पूर्ण केला आणि स्वतःसाठीच कडकडून टाळ्या वाजवल्या.