जाम्पाचा पहिला चेंडू

"चिंध्यांचा नव्हता, मॅडम, शाळेचा चामड्याचा चेंडू होता," जाम्पानं तिसऱ्यांदा सांगितलं.

फुटबॉल क्लबच्या प्रसिद्धीप्रमुख दामलेबाईंना ते पटेना. "जन्म निर्वासितांच्या छावणीतला आणि चेंडू चामड्याचा? लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं कसं? शंभर गोलांचा सत्कार, चिंध्यांचाच चेंडू हवा."

नागपूरच्या फुटपाथवर तीस हिवाळे स्वेटर विकलेली त्याची तिबेटी आई मग चेंडू शिवायला बसली. तिनं टाके असे नेटके घातले की बाईंनी नाक मुरडलं, चेंडू पार्किंगमधल्या चिखलात लोळवला आणि काचेच्या पेटीत ठेवला. वर पाटी: जाम्पाचा पहिला चेंडू.

सत्काराला आलेल्या मंत्र्यांना हुक्की आली. "होऊन जाऊ द्या एक किक." जाम्पानं उभ्या जन्मात असला चेंडू मारला नव्हता. पाय चेंडूवरून सटकला आणि शंभर गोलांचा धनी कॅमेऱ्यांसमोर चारी मुंड्या चीत झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'यश डोक्यात गेले. जाम्पाची मातीशी नाळ तुटली'. त्यानं आईला वाचून दाखवला.

"कुठल्या मातीशी रे?" तिनं विचारलं. "त्या पार्किंगमधल्या?"